पिंपाची आखूड फळी
परसातल्या भाजीची वाढ कशामुळे अडते?

या लेखाची सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. प्रकाश, उष्णता, बाष्पीभवन हे माझे रोजचे विषय. घरामागे थोडी मोकळी जागा आहे. तेथे एका वर्षी दसऱ्यानंतर मी वांग्याचे दोन वाफे केले. रोपे एकाच ठिकाणाहून आणलेली, माती एकच, शेणखत सारखेच मोजून घातलेले, पाणीही सारखेच. एक वाफा आवाराच्या दक्षिणेकडील भिंतीला लागून होता आणि दुसरा तिच्यापासून अडीच मीटर दूर.

दोन महिन्यांत दूरच्या वाफ्यातील झाडे कमरेपर्यंत आली आणि फळांनी लदली. भिंतीजवळची सहा रोपे मात्र उंच, किडकिडीत आणि फिकट राहिली. मला वाटले, खत कमी पडले असावे. म्हणून युरियाचा एक हप्ता दिला. फरक पडला नाही, म्हणून आठ दिवसांनी आणखी एक दिला. आता पानांच्या कडा करपू लागल्या आणि दोन रोपे मेली.

शेजारची नववीत शिकणारी मुलगी कुंपणापाशी उभी राहून हे पाहत होती. तिने विचारले, "काका, या वाफ्यात ऊन कधी येतं हो?"

मी म्हणालो, "येत असेल की दुपारी."

"मी रविवारी दिवसभर पाहिलं. एकदाही आलं नाही."

मी गप्प झालो. सावलीच्या लांबीची उदाहरणे फळ्यावर सोडवून दाखवणाऱ्या माणसाने स्वतःच्या परसातली सावली मोजली नव्हती! त्या सहा रोपांवर तीन महिन्यांत मिळून अकरा वांगी आली. परंतु त्या अकरा वांग्यांनी मला जे शिकवले, तेच आज तुम्हाला सांगायचे आहे.

झाड कशाचे बनते?

भाजीचे झाड वाढते म्हणजे त्याचे वजन वाढते. हे वजन येते कोठून? "मातीतून" असे उत्तर बहुतेक जण देतात. सतराव्या शतकात बेल्जियम भागात राहणाऱ्या व्हॅन हेल्मॉन्ट या शास्त्रज्ञाने हे तपासायचे ठरवले. त्याने २०० पौंड कोरडी माती एका कुंडीत भरली आणि तीत ५ पौंड वजनाचे विलो जातीचे रोप लावले. पाच वर्षे फक्त पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले सुमारे १६९ पौंड. माती पुन्हा वाळवून तोलली, तर तिच्यात घट झाली होती अवघी सुमारे दोन औंसांची! हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात आहे.

हेल्मॉन्टने निष्कर्ष काढला, की झाड पाण्यापासूनच बनते. तो अर्धाच बरोबर होता, कारण झाडाभोवतीची हवा त्याने हिशेबात धरली नव्हती. आज आपल्याला माहीत आहे, की हिरवी पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी शोषलेले पाणी यांपासून सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करतात. यालाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. या साखरेपासून पुढे खोड, पाने, फळे बनतात. मातीतून येणारी खनिजद्रव्ये वजनाने अगदी थोडी असतात. पण थोडी म्हणजे बिनमहत्त्वाची नव्हेत. हेल्मॉन्टच्या त्या दोन औंसांशिवाय झाड उभे राहिले नसते.

थोडे गणित

आता हिशेब करू. महाराष्ट्रात स्वच्छ दिवशी एक चौरस मीटर जमिनीवर दिवसभरात साधारण ५ युनिट इतकी सौर ऊर्जा पडते. वीजबिलात असते तेच हे युनिट. एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, म्हणून ५ युनिट म्हणजे ४,३०० किलोकॅलरी. ही सगळी ऊर्जा पानाला वापरता येत नाही. जवळजवळ निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांच्या रूपात असते व ती प्रकाशसंश्लेषणाच्या कामी येत नाही. काही प्रकाश परावर्तित होतो, काही जमिनीवर पडून वाया जातो आणि बनलेल्या साखरेपैकी काही झाडाच्या श्वसनात खर्च होते. या साऱ्या वजावटी करून चांगल्या वाफ्यात शेवटी शेकडा एक भाग ऊर्जा झाडात साठते असे धरू. म्हणजे ४३ किलोकॅलरी. एक ग्रॅम कर्बोदकात सुमारे ४ किलोकॅलरी ऊर्जा असते. तेव्हा एका चौरस मीटरमागे रोज सुमारे ११ ग्रॅम कोरडे द्रव्य तयार होईल. पालेभाजीत दहापैकी नऊ भाग पाणीच असते, हे लक्षात घेतले तर ही वाढ ताज्या वजनात रोज सुमारे शंभर ग्रॅम होते. तीतही मुळे आणि देठ आले.

वाफ्याचे उत्पन्न किती असू शकेल, याचा अंदाज या हिशेबावरून येतो. खताचे पोते कितीही मोठे असले, तरी ऊर्जा येते ती सूर्याकडूनच. खत हे झाडाचे अन्न नव्हे. अन्न झाड स्वतः बनवते. खत हा त्या कारखान्याला लागणारा किरकोळ पण आवश्यक माल आहे.

आखूड फळीचा नियम

लाकडी फळ्या उभ्या जोडून केलेले पिंप तुम्ही पाहिले असेल. समजा, त्याच्या सर्व फळ्या सारख्या उंचीच्या नाहीत. अशा पिंपात पाणी किती उंचीपर्यंत राहील? सर्वांत आखूड फळीच्या उंचीइतकेच! बाकीच्या फळ्या हातभर वाढवल्या तरी थेंबभरही जास्त पाणी राहणार नाही. आखूड फळी मात्र दोन बोटे उंच केली, की पाणीही दोन बोटे चढेल.

झाडाचे तसेच आहे. प्रकाश, पाणी, हवा, उष्णता, नत्र, स्फुरद, पालाश, लोह या सगळ्या पिंपाच्या फळ्या समजा. ज्या गोष्टीची गरजेच्या मानाने सर्वांत जास्त उणीव असेल, तीच वाढीची मर्यादा ठरवते. खनिजद्रव्यांच्या बाबतीत हा विचार जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेल याने प्रथम मांडला आणि युस्टुस फॉन लीबिग याने १८४० पासूनच्या आपल्या लेखनातून तो सर्वत्र पोहोचवला. पुढे १९०५ मध्ये ब्लॅकमन या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने तोच विचार प्रकाशसंश्लेषणाला लावला. प्रकाश मंद असताना प्रकाश वाढवला, की प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढतो. पण एका मर्यादेनंतर प्रकाश कितीही वाढवा, वेग तेवढाच राहतो. आता कार्बन डायऑक्साइड ही आखूड फळी झालेली असते.

माझ्या वाफ्यात काय चुकले, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. प्रकाशाची फळी आखूड होती आणि मी नत्राची फळी वाढवत बसलो होतो. एकेक फळी आपण नीट पाहू.

पहिली फळी : प्रकाश

पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षवृत्तावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेस साडेतेवीस अंशांवर असतो. म्हणून त्या दिवशी मध्यान्ही पुण्यात सूर्याची क्षितिजापासून उंची ९० − १८.५ − २३.५, म्हणजे ४८ अंश असते. आवाराची भिंत २ मीटर उंच असेल, तर तिची उत्तरेकडील सावली २ भागिले ४८ अंशांचा टॅन्जंट, म्हणजे सुमारे १.८ मीटर पडते. हिवाळ्यात पूर्व-पश्चिम पसरलेल्या भिंतीची सावली उत्तरेकडे मध्यान्हीच सर्वांत कमी पसरते, सकाळ-संध्याकाळी ती आणखी पुढे जाते. माझा वाफा भिंतीपासून १.२ मीटरपर्यंतच होता. गणित सांगते, की ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याच्या मातीवर थेट ऊन पडणेच शक्य नव्हते. अडीच मीटरवरच्या वाफ्यात मात्र डिसेंबरातही सकाळी साडेनऊच्या सुमारास ऊन पोहोचत होते.

गंमत अशी, की मे महिन्यात हाच भिंतीजवळचा वाफा उन्हात न्हाऊन निघतो. मेच्या मध्यास पुण्यात सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. मी जागा निवडली ती उन्हाळ्यात पाहून आणि रोपे लावली हिवाळ्यात!

सावलीतही उजेड असतो, मग तो का पुरत नाही? आपला डोळा फसवा आहे. अंधूक उजेडात बाहुली मोठी होते, म्हणून प्रकाश कमी झाल्याचे आपल्याला तितकेसे जाणवत नाही. भर दुपारी उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते. भिंतीच्या सावलीत ती त्याच्या दहाव्या ते पाचव्या हिश्श्याइतकीच भरते. वांगी, टोमॅटो, मिरची, भेंडी या फळभाज्यांना रोज निदान सहा तास थेट ऊन हवे. अळू, पुदिना, आले, हळद यांचे थोड्या सावलीतही भागते.

दुसरी फळी : पाणी

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचा पाण्याचा थर म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे सोपे नाते लक्षात ठेवा. आपल्याकडे दाट पीक असलेल्या वाफ्यातून माती आणि पाने मिळून हिवाळ्यात रोज तीन-चार मिलिमीटर आणि मे महिन्यात सात-आठ मिलिमीटर पाणी उडून जाते. म्हणजे चार चौरस मीटरच्या वाफ्याला हिवाळ्यात पंधरा लिटरची एक बादली पुरेल, तर मे महिन्यात दोन लागतील.

मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पंच्याण्णवांहून अधिक पाणी पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, वाफ होऊन निघून जाते. ही उधळपट्टी वाटेल. पण पर्णरंध्रे उघडी ठेवल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड आत येत नाही आणि तो हवेच्या दहा हजार भागांत जेमतेम सव्वाचार भाग असतो. इतका विरळ वायू मिळवायचा, तर दार सताड उघडे ठेवावे लागते आणि उघड्या दारातून पाणी निसटते. याचा एक फायदाही आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते, त्यामुळे पान थंड राहते. माठातले पाणी गार होते, त्याचेच हे दुसरे रूप.

मुळांना पाणी कमी पडले, की झाड पर्णरंध्रे मिटून घेते. पाणी वाचते, पण कार्बन डायऑक्साइडही बंद होतो. बाहेर लखलखीत ऊन असते आणि कारखाना मात्र ठप्प. म्हणजे पिंपाच्या या फळ्या एकमेकींपासून अगदी सुट्या नाहीत. एक ढासळली, तर दुसरीला ओढते. पिंपाच्या उपमेची ही मर्यादा ध्यानात ठेवायला हवी.

तिसरी फळी : मुळांची हवा

"झाड कोमेजले? पाणी घाल!" हा आपला ठरलेला उपाय. परंतु जास्त पाण्यानेही झाड कोमेजते, हे तुम्हाला माहीत आहे का? मुळे जिवंत असतात. त्यांना श्वसनासाठी प्राणवायू हवा. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांतून तो वरच्या हवेतून खाली झिरपत असतो. या पोकळ्या पाण्याने भरल्या, की वाट बंद होते, कारण प्राणवायू पाण्यातून पसरतो तो हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट सावकाश. मुळे गुदमरतात, पाणी शोषण्याचे काम थांबवतात आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानेने सुकते!

दख्खनच्या काळ्या मातीत हा धोका विशेष. तिचे कण अतिशय बारीक असल्याने ती पाणी धरून ठेवते. कोकणातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीतून उलट पाणी झरझर निघून जाते. दोघींवर औषध मात्र एकच, ते म्हणजे कुजलेले शेणखत किंवा पालापाचोळ्याचे खत. ते काळी माती भुसभुशीत करते आणि तांबड्या मातीची पाणी धरण्याची शक्ती वाढवते. पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहा. ओल लागली तर आज पाणी नको.

चौथी फळी : उष्णता

झाडातल्या सगळ्या रासायनिक क्रिया विकरांमार्फत चालतात आणि विकरांना ठरावीक तापमान मानवते. मेथी, कोथिंबीर, पालक, फुलकोबी ही थंडीची पिके. उन्हाळ्यात मेथी-कोथिंबीर वीतभर होते न होते तोच फुलावर येते. टोमॅटोचे झाड कडक उन्हाळ्यात हिरवेगार दिसते, पण तापमान पस्तीस अंश सेल्सिअसच्या वर जाऊ लागले आणि रात्रीही उकाडा राहिला, की परागकण नीट काम करत नाहीत आणि फुले गळून पडतात. येथे खत घालून काय होणार?

मे महिन्यात दुपारी उघड्या मातीचा पृष्ठभाग पन्नास अंशांच्या वर तापतो. तिच्यावर वाळलेल्या पाल्याचा चार बोटे थर पसरला, तर माती थंड राहते आणि बाष्पीभवनही कमी होते. पाल्यात अडकलेली हवा उष्णतेची मंदवाहक असते, म्हणून हे घडते. फुकटात होणारे हे काम असून बहुतेक परसबागांत तोच पाला जाळून टाकतात!

पाचवी फळी : खनिजद्रव्ये

आता खताकडे वळू. नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन द्रव्ये अधिक प्रमाणात लागतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम व गंधक मध्यम प्रमाणात, तर लोह, जस्त, बोरॉन इत्यादी अगदी लेशमात्र लागतात. उणीव कशाची, हे पाने सांगतात, पण ती वाचता आली पाहिजेत. नत्र कमी पडले, तर झाड जुन्या पानांतले नत्र काढून नव्या पानांना पुरवते, म्हणून खालची पाने आधी पिवळी पडतात. लोह असे हलवता येत नाही. म्हणून लोहाच्या उणिवेत शेंड्याची कोवळी पाने पिवळी होतात आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. चुनखडीच्या जमिनीत लोह भरपूर असूनही हे दिसते, कारण तेथे ते न विरघळणाऱ्या रूपात असते. म्हणजे तिजोरीत पैसे आहेत, पण किल्ली नाही!

नत्र जास्त झाल्यावर काय होते? एक तर झाड नुसते पानांनी माजते आणि फुले-फळे उशिरा व कमी येतात. दुसरे, युरियाचा डोस मोठा असेल तर मुळांभोवतीचे पाणी इतके दाट होते, की परासरणाने पाणी मुळांत शिरण्याऐवजी अडते किंवा उलट बाहेर पडते. बटाट्याची चकती मिठाच्या दाट पाण्यात तासभर ठेवा. ती लिबलिबीत होईल. माझ्या रोपांच्या पानांच्या कडा करपल्या त्या याच कारणाने. सावलीतली ती रोपे मिळालेले नत्र वापरूच शकत नव्हती, ते सगळे मातीत साचले.

घेवडा, गवार, वाल, चवळी यांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. ते हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला देतात. म्हणून या भाज्यांना नत्रखताची फारशी गरज नसते.

सहावी फळी : पाहुणे कीटक

एखादा वेल जोमाने वाढतो, फुलांनी भरतो, पण फळ धरत नाही. शेजारच्या त्या मुलीच्या दोडक्याचे असेच झाले होते. ती म्हणाली, "काका, आता मी खत घालू का?" मी एकदा पोळलो होतो. म्हणालो, "थांब, आधी फुलं पाहू."

दोडका, दुधी, कारले, काकडी, भोपळा या वेलींवर नर आणि मादी फुले वेगळी असतात. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते, नर फुलामागे नुसता देठ. सुरुवातीचे काही दिवस नर फुलेच येतात, तेव्हा घाबरू नये. मादी फुलापर्यंत पराग पोहोचवण्याचे काम कीटकांचे. काकडी-भोपळ्याची फुले सकाळी उमलतात व मधमाश्या ते काम करतात. दोडक्याची आणि दुधीची फुले मात्र संध्याकाळी उमलतात. ही मुलगी रोज सकाळी शाळेला जाताना वेल पाहत होती, म्हणजे फुले मिटून गेल्यावर!

त्या संध्याकाळी तिने ताजे नर फूल तोडले, त्याच्या पाकळ्या मागे दुमडल्या आणि परागकोश मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच फिरवला. असे चार फुलांवर केले आणि चार तशीच सोडून प्रत्येकावर दोरा बांधून खूण केली. आठवड्याने हाताने परागण केलेल्या चारपैकी तीन फुलांचे दोडके वाढू लागले होते. सोडलेल्या चारही फुलांमागची इवली फळे पिवळी पडून गळाली होती. आखूड फळी सापडली होती, आणि तिच्यासाठी खताचा एक कणही लागला नाही.

आखूड फळी शोधायची कशी?

त्या मुलीने सोडलेली चार फुले हाच या कामातला महत्त्वाचा भाग आहे. ती सोडली नसती, तर फळे परागणामुळे धरली की हवा पालटल्यामुळे, हे आपल्याला कळले नसते. म्हणून प्रयोगाचे दोन नियम पाळा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तुलनेसाठी काही झाडे न बदलता ठेवा.

शाळेत करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. सारख्या मापाच्या बारा कुंड्यांत सारखी माती भरून मेथी किंवा माठ लावा. तीन कुंड्या उन्हात ठेवून नुसते पाणी द्या. तीन उन्हात ठेवून शेणखताचे पाणी द्या. तीन सावलीत ठेवून नुसते पाणी द्या. उरलेल्या तीन सावलीत ठेवून शेणखताचे पाणी द्या. चार आठवड्यांनी रोपे उपटून, मुळांची माती धुऊन, कडक उन्हात वाळवा आणि तोला. वाळवायचे यासाठी, की ताज्या वजनात पाण्याचा भाग फार असतो. खताने उन्हात किती ग्रॅम वाढ झाली आणि सावलीत किती, या दोन फरकांची तुलना करा. प्रत्येक प्रकारच्या तीन कुंड्या का घेतल्या, याचे उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतः शोधावे. शिक्षकांनी ते लगेच सांगू नये!

परसाच्या पलीकडे

आखूड फळी न ओळखता दुसरीच वाढवत राहण्याचे मोल माझ्या परसात दोन रोपांचे होते. शेतीत ते फार मोठे असते. पश्चिम महाराष्ट्रात कृष्णा आणि नीरा नद्यांच्या पाण्यावर भिजणाऱ्या पट्ट्यात हजारो हेक्टर काळी जमीन खारवट व चोपण झाली. जास्त पाणी म्हणजे जास्त उत्पन्न या समजुतीने भारी जमिनींना अतोनात पाणी दिले गेले आणि त्या पाण्याचा निचरा झाला नाही. भूजल वर आले, केशाकर्षणाने त्यातले क्षार पृष्ठभागाकडे चढले आणि पाणी उडून जाऊन क्षार मागे राहिले. तेथे पाण्याची फळी केव्हाच पुरेशी उंच झाली होती, आखूड होती ती निचऱ्याची. तसेच झाडाने न घेतलेले नत्र पावसाबरोबर खाली झिरपते आणि नायट्रेटच्या रूपाने विहिरीच्या पाण्यात उतरते.

हवेतला कार्बन डायऑक्साइड १९५८ मध्ये दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता तो ४२० च्या वर गेला आहे. म्हणजे एक फळी आपण नकळत उंच केली आहे. मग पिके आपोआप वाढतील, असे काही लोक म्हणतात. तुम्ही त्यांना विचारा, की त्याच वायूमुळे तापमान वाढले आणि पाऊस बेभरवशाचा झाला, तर उष्णतेच्या आणि पाण्याच्या फळ्यांचे काय?

माझ्या भिंतीजवळच्या वाफ्यात आता अळू आणि पुदिना आहे व तो छान पसरला आहे. वांगी उन्हातल्या वाफ्यात गेली. खताची पिशवी अजून अर्धी शिल्लक आहे. तुमच्या घरी किंवा शाळेत एखादे झाड रोडावले असेल, तर खत आणायला धावण्यापूर्वी एक रविवार त्याच्यापाशी काढा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत दर तासाला त्याच्यावर ऊन आहे की सावली, ते वहीत मांडा. माती बोटाने तपासा. पाने वरून खाली वाचा, फुले सकाळी आणि संध्याकाळी पाहा. आखूड फळी बहुधा त्या दिवशीच सापडेल.